शेजारच्या दुकानाची उचल दिसता कामा नये: अनेक फर्मांसाठी एकच वेब ॲप उभारताना

लातूरच्या बाजार समितीत आडत दुकानं एकमेकांना खेटून आहेत. एकाच गावचा शेतकरी सोयाबीन एका आडत्याकडे घालतो आणि तूर दुसऱ्याकडे. कोणाकडे किती आवक झाली, कोणत्या शेतकऱ्याला किती उचल (आगाऊ रक्कम) दिली, कोणत्या खरेदीदाराकडे किती रक्कम अडकली आहे, यावर तो धंदा चालतो. आता समजा, या दुकानांसाठी पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद), खातेवही आणि बारदान्याचा (पोत्यांचा) हिशोब ठेवणारं वेब ॲप तुम्ही बनवताय आणि शेजारशेजारची दोन दुकानं तुमचीच गिऱ्हाइकं आहेत. सर्व्हर एक, कोड एक, डेटाबेसही एक. पहिल्या दुकानाच्या मुनीमाला दुसऱ्या दुकानाची उचल एकदा जरी दिसली, तरी संध्याकाळपर्यंत ती गोष्ट सगळ्या यार्डात पोचते आणि तुमच्यावर पुन्हा कोणी विश्वास टाकत नाही.

नुकतंच कॉलेज संपवून लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरात पहिलं काम हाती घेतलेल्यांसाठी हे लिहितो आहे. आपल्याकडे छोट्या सॉफ्टवेअर कामांची सुरुवात अशाच गिऱ्हाइकांपासून होते: आडत, दालमिल, जिनिंग, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, कोचिंग क्लास. उदाहरण मी आडतीचं घेतलं आहे. तुमचं गिऱ्हाईक दुसरं असेल तर नावं बदला, काम तेच राहील.

वेब ॲप्समधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी ओवॅस्प ही संस्था काढते. ज्याला जे बघायचा हक्क नाही ते त्याला दिसणं, हा दोष २०१७ च्या यादीत पाचवा होता. २०२१ च्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर आला. अनेक फर्मा एकाच ॲपवर असल्या की हा दोष सगळ्यात महागात पडतो. म्हणून एक गोष्ट पक्की धरून पुढे जाऊ: दोन फर्मांमधली भिंत प्रोग्रामरच्या लक्षात राहण्यावर उभी नको. कोणी अट लिहायला विसरलाच, तर पडदा (स्क्रीन) कोरा यावा. दुसऱ्याचा हिशोब येऊ नये.

आधी कागदावर: कोण कोणाचं

कोड लिहायच्या आधी निदान एक दिवस दुकानात बसा आणि सीमा कुठे आहे ते बघा. ज्याचा डेटा इतरांपासून वेगळा राहायला हवा त्याला आपल्या कामात टेनंट म्हणतात. आडतीत टेनंट म्हणजे फर्म. गाळा एकच असतो, पण वडिलांच्या नावाची एक फर्म आणि मुलाच्या नावाची दुसरी. परवाना वेगळा, जीएसटी नंबर वेगळा, खातेवही वेगळी. उलट एकाच फर्मचं एक दुकान लातूरला आणि दुसरं उदगीरला असतं. त्यामुळे सीमा फर्मवर आखायची आणि शाखा फर्मच्या पोटात ठेवायची. गाळ्यावर सीमा आखलीत तर पहिल्या हंगामातच सगळी टेबलं उपसावी लागतील.

मग माणसं. नवखे लोक वापरकर्त्यांच्या टेबलात फर्म_आयडी नावाचा एक कॉलम टाकतात आणि पुढे सरकतात. पण अनुभवी मुनीम सकाळी एका फर्मच्या पट्ट्या लिहितो आणि दुपारी दुसऱ्या फर्मची खातेवही. कर सल्लागार तर डझनभर फर्मांचे हिशोब बघतो. म्हणून टेबलं तीन करा: फर्म, वापरकर्ता आणि सदस्यत्व. कोण कोणत्या फर्मशी कोणत्या अधिकारानं जोडलेला आहे, हे फक्त सदस्यत्वाच्या टेबलात लिहायचं. एकच माणूस एका फर्मचा मुनीम असू शकतो आणि दुसरीत नुसता बघणारा. अधिकार माणसाला चिकटवला की ही सोय जाते, आणि एका फर्मचा मालक दुसऱ्या फर्मचाही मालक होऊन बसतो.

शेतकऱ्यांच्या यादीकडे विशेष लक्ष द्या, कारण इथे मोह मोठा आहे. औशाचा शेतकरी एका फर्मच्या यादीत आहे. दुसऱ्या फर्मच्या मुनीमानं त्याचा मोबाईल नंबर टाकला की नाव, गाव, बँक खातं आपोआप भरलं जावं, असं कोणालाही वाटेल. मुनीमाचं टायपिंग वाचतं, दाखवायला छान दिसतं. असं करू नका. त्या क्षणी दुसऱ्या आडत्याला कळतं की हा शेतकरी शेजाऱ्याकडे माल घालतो. 'हा मोबाईल नंबर आधीच नोंदवलेला आहे' एवढा संदेशसुद्धा तेच सांगून जातो. शेतकरी प्रत्येक फर्मच्या यादीत वेगळा नोंदवायचा, मग तोच माणूस पाच फर्मांत पाचदा असला तरी चालेल. मोबाईल नंबर एकमेव असण्याची अट फर्म आणि मोबाईल या जोडीवर लावा, एकट्या मोबाईलवर नको.

तीच गोष्ट पट्टी नंबरची. प्रत्येक फर्मला आपला पट्टी नंबर १ एप्रिलला एकपासून सुरू झालेला हवा असतो आणि मध्ये खाडे चालत नाहीत. तेव्हा डेटाबेसचा आपोआप वाढणारा आकडा पट्टी नंबर म्हणून वापरू नका. फर्म आणि आर्थिक वर्ष यांच्या जोडीला एक मोजणीची ओळ ठेवा, पट्टी जतन करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसची एकत्रच पूर्ण किंवा एकत्रच रद्द होणारी कामं) ती ओळ कुलूपबंद करून एकनं वाढवा. नोंदीची आतली ओळख मात्र वेगळी असू द्या. त्यासाठी यूयूआयडी, म्हणजे आपोआप तयार होणारी लांबलचक एकमेव ओळख, घ्या. चौथ्या आवृत्तीच्या यूयूआयडीत १२२ बिट यादृच्छिक असतात, त्यामुळे शेजारचा आकडा ओळखायचा प्रश्नच येत नाही. सगळ्या फर्मांना मिळून एकच चढता आकडा दिला तर पट्टीच्या लिंकमधला आकडा दोन दिवस बघून कोणीही यार्डात किती माल झाला याचा अंदाज बांधेल.

डेटा ठेवायचे तीन रस्ते

पहिला रस्ता, प्रत्येक फर्मला स्वतंत्र डेटाबेस. भिंत सगळ्यात जाड, एका फर्मचा बॅकअप परत आणणं सोपं. पण दीडशे फर्मा झाल्या की दीडशे डेटाबेस सांभाळायचे. एक कॉलम वाढवायचा तर मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारं काम) दीडशे वेळा चालवायचं, आणि त्यातलं एखादं मध्येच अडकलं की ती फर्म जुन्या आकारावर राहते. दुसरा, एकाच डेटाबेसमध्ये प्रत्येक फर्मची वेगळी स्कीमा, म्हणजे टेबलांचा वेगळा कप्पा. दिसायला मधला मार्ग, पण मायग्रेशनची कटकट तशीच राहते आणि भिंत मात्र पातळ होते. तिसरा, सगळ्यांची टेबलं एकच आणि प्रत्येक ओळीवर फर्म_आयडी.

नवख्यानं आडत दुकानांसाठी तिसरा रस्ता घ्यावा असं माझं मत आहे, पुढच्या भागात सांगितलेली भिंत घालण्याची तयारी असेल तरच. एखादा साखर कारखाना किंवा पतसंस्था स्वतंत्र डेटाबेसच हवा म्हणाली तर तिला पहिला रस्ता द्या आणि त्याचे पैसे वेगळे घ्या. कोड तोच ठेवता येतो, फक्त कोणत्या फर्मचा डेटाबेस कुठे आहे याची एक नोंदवही लागते. दुसरा रस्ता मी सुचवत नाही.

भिंत डेटाबेसमध्ये घाला

सगळं एकाच टेबलात असताना डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाच्या (क्वेरीच्या) शेवटी 'फर्म_आयडी अमुक' ही अट हवी. दोनशे ठिकाणी प्रश्न लिहिले असतील तर एकशे नव्याण्णव ठिकाणी अट लिहून भागत नाही. दिवाळीच्या तोंडावर आवक वाढलेली असताना घाईत लिहिलेला एखादा अहवाल त्या अटीविना जातोच. म्हणून ही अट डेटाबेसनंच लावावी.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यासाठी रो लेव्हल सिक्युरिटी (आरएलएस, म्हणजे ओळीगणिक सुरक्षा) आहे, २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ आवृत्तीपासून. मायएसक्यूएलमध्ये ती नाही, आणि अशा कामाला मी पोस्टग्रेसच सुचवतो त्याचं मुख्य कारण हेच. तिचं काम असं चालतं: टेबलावर ती सुरू करायची आणि पॉलिसी लिहायची की या ओळीचा फर्म_आयडी सध्याच्या सेटिंगमधल्या फर्मशी जुळत असेल तरच ओळ दिसेल. पॉलिसीत वाचण्यासाठी 'युझिंग' आणि लिहिण्यासाठी 'विथ चेक' असे दोन भाग असतात. दोन्ही स्पष्ट लिहा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर ओळ घालणंही अडतं. सुरक्षा सुरू केली आणि पॉलिसी लिहायचीच राहिली, तर त्या टेबलातून एकही ओळ मिळत नाही. आपल्याला हवं ते हेच.

आता बारकावे. हे नीट वाचा, कारण रो लेव्हल सिक्युरिटी सुरू केली एवढ्यावर निश्चिंत झालेल्यांचं घर इथेच फुटतं.

टेबलाच्या मालकाला पॉलिसी लागू होत नाही, जोवर तुम्ही 'फोर्स रो लेव्हल सिक्युरिटी' लावत नाही. सुपरयुजरला आणि 'बायपास आरएलएस' हा अधिकार असलेल्या रोलला (डेटाबेसच्या खात्याला) तर फोर्स लावूनही ती लागू होत नाही. शिकताना आपण पोस्टग्रेसच्या मूळ सुपरयुजरनंच ॲप जोडतो आणि पुढे तेच सर्व्हरवर जातं. मग पॉलिसी कागदावर राहते आणि सगळ्यांना सगळं दिसतं. तेव्हा रोल वेगळे करा: टेबलं बनवणारा एक, ॲप चालवणारा दुसरा, बॅकअप घेणारा तिसरा. ॲप चालवणाऱ्याकडे टेबलांची मालकीही नको आणि वरचा कुठला अधिकारही नको.

सध्याची फर्म कोणती हे डेटाबेसला सांगताना 'सेट' वापरू नका, 'सेट लोकल' वापरा. साधं सेटिंग कनेक्शनला चिकटून राहतं. पीजीबाउन्सरसारखा कनेक्शन पूल असेल तर तेच कनेक्शन पुढच्या क्षणी दुसऱ्या फर्मच्या मागणीसाठी (रिक्वेस्टसाठी) वापरलं जातं, आणि पहिल्या फर्मची ओळख तिथेच लटकलेली असते. 'सेट लोकल' ट्रान्झॅक्शन संपताच पुसलं जातं. म्हणून प्रत्येक मागणीला ट्रान्झॅक्शन उघडा, पहिल्या ओळीत फर्म सांगा, मगच पुढचं काम. हे एकाच ठिकाणी, मिडलवेअरमध्ये, म्हणजे प्रत्येक मागणी आधी ज्यातून जाते त्या कोडमध्ये लिहा. इतर कोणाला थेट कनेक्शन मिळूच देऊ नका. एक छोटी खोच: एकदा लावलेलं असं सेटिंग ट्रान्झॅक्शननंतर त्याच कनेक्शनवर रिकाम्या मजकुराच्या रूपात उरतं. पॉलिसीत त्याचं यूयूआयडीत रूपांतर करताना मग एरर येते. रिकाम्या मजकुराला आधी 'नल' करून घ्या, म्हणजे निकाल कोरा येईल.

परकी कळ, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्यातल्या ओळीकडे बोट दाखवणारी फॉरेन की, तपासताना पोस्टग्रेस पॉलिसी बघत नाही. त्यामुळे पहिल्या फर्मच्या पट्टीत दुसऱ्या फर्मच्या शेतकऱ्याची ओळख घुसवली, तर नुसती फॉरेन की तिला अडवणार नाही. उपाय सोपा आहे. शेतकऱ्याच्या टेबलावर फर्म_आयडी आणि आयडी या जोडीला एकमेव करा, आणि पट्टीतून त्या जोडीकडेच बोट दाखवा. मग पट्टीची फर्म आणि शेतकऱ्याची फर्म एक असल्याशिवाय नोंद होणारच नाही. ही जोडीची कळ प्रत्येक नात्याला लावा: पट्टी ते खरेदीदार, उचल ते शेतकरी, बारदाना ते शाखा.

व्ह्यू (डेटाबेसमध्ये नाव देऊन ठेवलेला प्रश्न) लिहिलात तर तो मुळात आपल्या मालकाच्या अधिकारानं चालतो, म्हणजे पॉलिसीला वळसा पडू शकतो. पोस्टग्रेस १५ पासून व्ह्यूला 'सिक्युरिटी इन्व्होकर' हा पर्याय देता येतो, तो द्या. मटेरियलाइज्ड व्ह्यूवर (ज्याचा निकालही साठवलेला असतो) मात्र पॉलिसी लावताच येत नाही. महिन्याच्या अहवालासाठी तो मोह झाला तर साधं टेबल करा, त्यात फर्म_आयडी ठेवा आणि त्यावर पॉलिसी लावा.

आणि इंडेक्स. बहुतेक इंडेक्सांत पहिला कॉलम फर्म_आयडी असू द्या. पॉलिसी प्रत्येक प्रश्नाला ती अट जोडतेच, इंडेक्स तिच्या जोडीचा नसेल तर सोयाबीनच्या हंगामात ॲप रेंगाळेल आणि यार्ड तुमच्या नावानं ओरडेल.

एवढं केल्यावर कोडमधली अट काढून टाकायची का? नाही, ती राहू द्या. पण तिच्यावर आता सगळा भार नाही.

फर्म कुठून कळणार

डेटाबेसला फर्म सांगायची, पण ती आपल्याला कुठून कळते? फॉर्ममध्ये लपवलेल्या रकान्यातून आलेला फर्म_आयडी सरळ उचलून वापरायचा नाही. ब्राउझरमधून येणारी कोणतीही गोष्ट कोणीही बदलू शकतो, त्यासाठी फार हुशारीही लागत नाही.

दुसरी चूक जरा दबकी आहे. चालू फर्म सेशनमध्ये ठेवतात. मुनीम एका टॅबमध्ये पहिली फर्म उघडतो, दुसऱ्या टॅबमध्ये दुसरी. सेशन एकच असल्यानं शेवटी उघडलेली फर्म दोन्ही टॅबना लागू होते. पहिल्या टॅबवर अजून पहिल्या फर्मचं नाव दिसतंय, तिथे पट्टी भरून जतन केली आणि ती गेली दुसऱ्या फर्मच्या वहीत. हल्ला कोणी केला नाही, चोरी कोणी केली नाही, तरी दोन फर्मांचे हिशोब मिसळले. म्हणून फर्म वेब पत्त्यातच (यूआरएलमध्ये) ठेवा, सबडोमेन म्हणून किंवा पत्त्याच्या पहिल्या तुकड्यात. प्रत्येक मागणीला दोन गोष्टी तपासा: सेशनवरून हा माणूस कोण, आणि सदस्यत्वाच्या टेबलात त्याचं या फर्मशी नातं आज आहे का. दोन्ही जुळलं तरच डेटाबेसला फर्म सांगायची.

सबडोमेन घेतलेत तर कुकी मुख्य डोमेनवर लावू नका, नाहीतर ती प्रत्येक फर्मच्या सबडोमेनला जाते. डोमेन न लिहिता लावलेली कुकी त्याच पत्त्यापुरती राहते. शिवाय 'एचटीटीपी ओन्ली', 'सिक्युअर' आणि 'सेमसाइट' या तिन्ही खुणा तिच्यावर असू द्या.

नातं 'आज' आहे का, असं म्हटलं त्याला कारण आहे. मुनीम हंगामाच्या मध्यात दुकान बदलतो आणि बहुधा पलीकडच्याच दुकानात जातो. मालकानं त्याचं नाव काढलं की पुढच्या क्लिकला दार बंद झालं पाहिजे. तीस दिवस चालणारं जेडब्ल्यूटी टोकन (ब्राउझरकडेच राहणारी, सही केलेली लॉगिनची चिठ्ठी) देऊन बसलात तर तो तीस दिवस आत आहे. या कामाला सर्व्हरवर ठेवलेलं साधं सेशन चांगलं. लॉगिन मोबाईलच्या ओटीपीनं ठेवणार असाल तर सहा आकडी ओटीपीच्या दहाच लाख शक्यता असतात. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर तो ओटीपी रद्द करा आणि एका नंबरवर तासाभरात किती ओटीपी जातील यालाही मर्यादा घाला.

दुसऱ्या फर्मची पट्टी मागितली गेली तर 'तुम्हाला परवानगी नाही' असं उत्तर देऊ नका, 'अशी पट्टी सापडली नाही' असं द्या. परवानगी नाही म्हणणं म्हणजे ती पट्टी आहे हे सांगणं.

डेटाबेसच्या बाहेर

डेटाबेसची भिंत डेटाबेसपुरती. कॅशेला, म्हणजे झटपट दाखवण्यासाठी बाजूला साठवलेल्या माहितीला, तिचा पत्ता नसतो. रेडिससारख्या कॅशेमध्ये 'आजची_आवक' या नावानं आकडा ठेवलात तर सकाळी ज्यानं पहिल्यांदा पान उघडलं त्याचीच आवक सगळ्यांना दिसेल. कॅशेच्या प्रत्येक किल्लीची सुरुवात फर्मच्या ओळखीनं झाली पाहिजे. ती किल्ली बनवणारं फंक्शन एकच ठेवा आणि फर्म दिली नाही तर त्यानं एरर द्यावी. सर्च इंजिन वेगळं वापरत असाल तर तिथेही तेच.

एक्सेलचे अहवाल तात्पुरत्या फोल्डरमध्ये 'रिपोर्ट' या एकाच नावानं लिहिणारा कोड मी खूप ठिकाणी पाहतो. दोन फर्मांनी एकाच मिनिटाला अहवाल मागितला की एकाची फाईल दुसऱ्याला उतरते. नाव दरवेळी यादृच्छिक करा आणि काम झाल्यावर फाईल पुसा.

रात्री चालणारी कामं, उदाहरणार्थ दिवसभराच्या पट्ट्यांचे मेसेज पाठवणं, वेबच्या मिडलवेअरमधून जात नाहीत. तिथे फर्म कोण सांगणार? रांगेत काम टाकतानाच त्यासोबत फर्मची ओळख द्या आणि काम उचलणाऱ्यानं तोच ट्रान्झॅक्शनचा शिरस्ता पाळावा. 'सगळ्या फर्मांसाठी' असं एक मोठं काम लिहू नका. फर्मागणिक एक छोटं काम करा. एकाचं अडलं तर बाकीच्यांचं अडत नाही, आणि एका मोठ्या फर्मच्या हजारो पट्ट्यांमागे छोटा आडत्या ताटकळत नाही. वेबच्या बाजूनंही एका फर्मनं मिनिटाला किती मागण्या करायच्या याला मर्यादा आणि डेटाबेसच्या प्रश्नांना काही सेकंदांची वेळमर्यादा ठेवाच.

सातबारा, पासबुकचे फोटो आणि पट्टीची पीडीएफ यांच्यासाठी खाजगी स्टोरेज वापरा. लॉगिन केलेल्याला बघायला काही मिनिटं चालणारी सही केलेली लिंक द्या. शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला लॉगिन नसतं, त्याला पट्टी व्हॉट्सॲपवर हवी असते. त्या लिंकमध्ये पट्टी नंबर टाकू नका. १२८ बिटचं यादृच्छिक टोकन टाका, ते एकाच पट्टीपुरतं असू द्या आणि काही आठवड्यांनी मरू द्या. त्या पानावर बँक खात्याचे शेवटचे चार आकडे पुरेत. आधार नंबर तर मुळात घेऊच नका. पट्टीला तो लागत नाही, आणि जे आपल्याकडे नाही ते फुटतही नाही.

आपलीच माणसं

आडत्याला परदेशातल्या हॅकरची भीती नसते. त्याची भीती असते शेजारी, आणि शेजाऱ्याचंही काम करणारा सॉफ्टवेअरवाला. ती भीती रास्त आहे. आपण सगळ्यांचं बघू शकतो हे त्याला माहीत असतं.

म्हणून मदतीसाठी 'सगळं दिसणारं' खातं बनवून टीममध्ये वाटू नका. फर्मच्या मालकानं आपल्या पडद्यावरून मदतीची परवानगी द्यावी, ती तासाभरात आपोआप संपावी आणि त्या वेळेत आपल्या माणसानं काय उघडलं याची नोंद मालकाला दिसावी. हे बांधायला वेळ लागतो. पण गिऱ्हाइकाला दाखवायची हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पहिल्या भेटीत मी तर रंगीत आलेखांऐवजी हा पडदा दाखवेन.

सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीवर फर्म आणि वापरकर्ता यांची ओळख असावी. शेतकऱ्याचं नाव, खातं, ओटीपी मात्र कधीच नको. खरा डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून चाचणी करायची सवय लावून घेऊ नका. बनावट शेतकऱ्यांची यादी एका दुपारी तयार होते.

भिंत रोज ठोकून बघा

पहिलं गिऱ्हाईक एकच असलं तरी पहिल्या दिवसापासून चाचणीच्या डेटाबेसमध्ये दोन फर्मा ठेवा, दोन्हींत एकाच मोबाईल नंबरचा शेतकरी आणि एकाच नंबरची पट्टी. मग अशी चाचणी लिहा जी ॲपमधले सगळे पत्ते एकेक करून घेते, पहिल्या फर्मच्या मुनीमाच्या नावानं लॉगिन करते आणि दुसऱ्या फर्मच्या नोंदी मागते. वाचणं, बदलणं, पुसणं, सगळं. प्रत्येक ठिकाणी 'सापडलं नाही' असंच उत्तर यायला हवं. पत्त्यांची यादी हातानं लिहू नका, फ्रेमवर्ककडून घ्या, म्हणजे उद्या जोडलेलं नवीन पानही आपोआप तपासलं जातं.

दुसरी चाचणी डेटाबेसच्या अंतर्गत यादीवर. ज्या ज्या टेबलात फर्म_आयडी आहे, त्या प्रत्येकावर रो लेव्हल सिक्युरिटी सुरू आहे का, फोर्स आहे का, पॉलिसी आहे का. एखाद्या जरी टेबलावर नसेल तर बिल्ड लाल, म्हणजे नवा कोड पुढे जाणार नाही. ज्या टेबलात फर्म_आयडी नाही त्यांची छोटी यादी वेगळी ठेवा, जसं वाणांची नावं किंवा गावांची यादी, आणि त्या यादीत नाव घालायचं तर दुसऱ्या माणसाची संमती लागू द्या.

तिसरी, फर्म न सांगता फर्म_आयडी असलेली सगळी टेबलं वाचून बघा. शून्य ओळी. एक जरी आली तरी थांबा.

बॅकअप, कायदा आणि निघून जाणारं गिऱ्हाईक

सामायिक टेबलांची एक अडचण मान्य करायला हवी. एका फर्मनं चुकून वर्षभराच्या पट्ट्या पुसल्या, तर पूर्ण डेटाबेस मागे नेता येत नाही. बाकीच्यांच्या आजच्या पट्ट्या जातील. म्हणून पट्टी खरोखर पुसू नका, रद्द अशी खूण करा. आणि एका फर्मचाच डेटा बाहेर काढणारी व परत घालणारी स्क्रिप्ट गरज पडण्याआधी लिहून ठेवा. रोजच्या बॅकअपच्या वेळी लक्षात असू द्या: पॉलिसीमुळे ओळी गाळल्या जाणार असतील तर पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन पीजी_डंप अर्धवट बॅकअप देत नाही, एरर देऊन थांबतो. त्यासाठी बॅकअपच्या रोलला, आणि फक्त त्यालाच, 'बायपास आरएलएस' द्या. बॅकअप एन्क्रिप्ट करा आणि एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवा. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबईचं केंद्र २०१६ पासून आहे आणि हैदराबादचं २०२२ पासून, त्यामुळे दोन्ही प्रती देशातच राहतात. महिन्यातून एकदा बॅकअप खरोखर उघडून बघा.

कायद्याचं थोडक्यात. शेतकऱ्याचं नाव, मोबाईल, बँक खातं ही वैयक्तिक माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुख्य जबाबदारी फर्मची आणि आपण तिच्या वतीनं डेटा हाताळणारे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. सहा तास फार कमी असतात. कोणी कोणाला फोन करायचा, सर्व्हरचं दार कोणी बंद करायचं, फर्मांना काय सांगायचं, हे आधीच एका कागदावर लिहून ठेवा.

आणि गिऱ्हाईक सोडून जायला निघालं तर त्याला त्याच्या पट्ट्या, खातेवही, शेतकऱ्यांची यादी एक्सेलमध्ये द्या, अडवणूक करू नका. नंतर चालू डेटाबेसमधून त्याचा डेटा पुसा. तो जुन्या बॅकअपमधून कोणत्या तारखेला निघून जाईल ते लेखी कळवा, आणि त्या तारखेला तो खरोखर गेला का ते बघा.